बिजलीच्या खुराखाली

“रबर घाल, रबर,” सर्कल इन्स्पेक्टर हिंदुराव म्हणाले. “विलायतेत घोड्यांना रबरच घालतात.” विलायत त्यांनी पुण्यापर्यंत पाहिली होती.

धुळा नालबंदानं बिजलीचा पुढचा डावा पाय मांडीवर घेतला होता. बिजली हे नाव घोडीला तरुणपणी मिळालं होतं. आता ती मुंग्यांना वाट देत चाले. मंद्रूपकडच्या माळावरचे धोंडे तिच्या या खुराला सोसत नव्हते. नाल आणि खूर यांच्यामध्ये दणका खाणारं काहीतरी घालायला हवं होतं. उद्याच्या फिरतीत ती लंगडली, तर साहेब तिला बाजारात उभी करून फटफटी घेणार होते.

“सांजंला न्यायला येतो,” बिजलीची निगा राखणारा मोतद्दार शिवपुत्र म्हणाला. “नीट बगा, मामा. फटफटी चंदी खात न्हाय. मग मला कोन ठेवंल?”

दोघे गेले. धुळा आणि बिजली उरले. टांगेवाले केव्हाच स्टेशनाजवळच्या नव्या नालबंदाकडे वळले होते. महिन्याकाठी धुळाचं मनमोकळं बोलणं व्हायचं ते या घोडीशीच. ती मध्ये बोलत नसे.

त्याची एक पद्धत होती. घोड्याच्या पायाखाली जे घालायचं, ते आधी स्वतःच्या टाचेला बांधून अंगणातल्या खडीवर चालून बघायचं.

“नाल बी ठोकून घ्या की,” शेजारची गौरम्मा भिंतीवरून म्हणाली.

“तुमी धरा पाय, मी ठोकतो,” धुळा म्हणाला.

टायरचं रबर उसळत होतं. त्यात खिळा टिकला नसता. लोकरीचा नमदा मऊ, पण ओढ्यात भिजून फुगला की नाल सैल. नवं कातडं धोंड्याइतकंच कडक.

“तुला पायाखाली मुरल्यालं कातडं पायजे,” तो बिजलीला म्हणाला. “ते कुटनं आणू?”

कुठून, ते त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं रबर पुन्हा एकदा टाचेला बांधून पाहिलं.

उंबऱ्याशी त्याच्या बायकोच्या, रंभाबाईच्या वहाणा होत्या. ती जाऊन चार वर्षं झाली होती. वहाणांना तेल लावून तो त्या तिथंच ठेवी. त्या दिसल्या की दर बुधवारी गल्लीत येणारी परगावची कासारीण थांबून हाक मारी, “बाई, बांगड्या भरायच्या का?” आतून धुळा सांगे, “आज न्हाय. पुढच्या खेपंला.” यात खोटं असं काही नव्हतं. आज नाही, एवढं तर खरंच होतं.

एक वहाण त्यानं टाचेखाली बांधली. खडी लागली नाही.

त्यानं दुसरीही उचलली. मग दोन्ही वहाणांचे तळवे शेजारी शेजारी शिवून खुराच्या मापानं कापले आणि त्यांवर नाल ठोकला. बिजलीनं पाय टेकवला, जरा थबकली आणि खडीवरून सरळ चालत गेली.

संध्याकाळी शिवपुत्रानं विचारलं, “काय घातलं, मामा?”

“घरातलंच व्हतं.”

दुसऱ्या दिवशी बिजली मंद्रूपला जाऊन आली. लंगडली नाही. फटफटीचा बेत राहिला. साहेब कचेरीत म्हणाले, “मी सांगितलंच होतं, रबर घाल.”

बुधवारी कासारीण आली. धुळा आत उत्तर तयार ठेवून बसला होता. दाराशी बांगड्या किणकिणल्या, थांबल्या. तिनं रिकाम्या उंबऱ्याकडे पाहिलं.

मग ती गौरम्माच्या दाराकडे गेली.