मिठाची खिडकी

एप्रिल संपत आला होता आणि चारुशीला पिंपळापुरेच्या हातात एकच दिवस उरला होता. अवरक्त किरण मोजणारं उपकरण तिने रसायन विभागाकडून मागून आणलं होतं, ते संध्याकाळी पाचला परत द्यायचं होतं. त्याआधी तापलेला कार्बन मोनॉक्साइड मोजून व्हायला हवा होता.

वर्षभरापूर्वी, सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत, दक्षिणेच्या आकाशात एक तारा फुटला. काही महिन्यांनी त्याच्या उधळलेल्या ढिगाऱ्यात दुर्बिणींना याच वायूची खूण सापडली. चारुशीलाचं म्हणणं होतं, हा रेणू त्या भट्टीत नुसता टिकत नाही, ती निववतोही. कार्बन आणि ऑक्सिजनचे अणू जुळले की जोडी थरथरते आणि ढिगाऱ्यातली उष्णता अदृश्य प्रकाश होऊन बाहेर पडते. सुट्या अणूंना हे इतक्या झपाट्याने जमत नाही. वायू असा निवला तरच पुढे त्यात धुळीचे कण धरतात.

तिचे मार्गदर्शक घटाटे सर म्हणाले होते, "गणित ठीक आहे. पण तापलेला रेणू किती उष्णता फेकतो ते मोजून दाखव. नाहीतर हे प्रकरण प्रबंधातून काढ."

काचेची नळी चंपतरावांनी केली होती. वीस वर्षं ते तिच्या भौतिकशास्त्र विभागासाठी काच फुंकत होते. हा अवरक्त प्रकाश काचेतून पार होत नाही, म्हणून नळीच्या टोकाला मिठाच्या स्फटिकाची चकती खिडकीसारखी चिकटवलेली होती. ती नेमकी त्या सकाळी तडकली. नवी चकती चारुशीलाने स्वतः चिकटवली.

"आज राहू द्या, बाई," चंपतराव म्हणाले. "हे रातभर वाळलं पाहिजे. अन् साबणाचं पाणी लावून पाहा, बुडबुडे येते का."

"हो, पाहते," ती म्हणाली. पण तिने पाहिलं नाही. अकरा वाजून गेले होते.

बाहेर ऊन पेटलेलं, म्हणून खिडक्या बंद. तिने सिलिंडर उघडला, नळीभोवतीची भट्टी तापवली. वापरलेला वायू रबरी नळीने बाहेर सोडला होता. तापमान वाढलं तशी उपकरणाची सुई चढू लागली आणि ती भराभर आकडे उतरवू लागली. साडेबाराला डोकं ठणकायला लागलं. उन्हाचं असेल, तिने स्वतःशीच म्हटलं. या विषारी वायूला वास नसतो हे तिला पाठ होतं.

दीडला चंपतराव डोकावले. "जेवल्या का?"

"सातशे वीस," ती म्हणाली.

"मी जेवणाचं विचारून राहिलो, बाई."

"सातशे वीस."

वहीत तापमानाचा तोच आकडा तीन ओळी लिहिलेला होता, तिसरी ओळ पार तिरपी. चंपतरावांनी तिचं मनगट धरलं. ती हिसका देऊ लागली, "सुई... सुई पाहायचीय!" त्यांनी तिला फरफटत व्हरांड्यात आणून बसवलं आणि शेजारच्या दारावर थापा मारल्या. तिथे प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती आणि मधल्या भिंतीला वर नुसती जाळी होती.

"सगळे भायेर व्हा! गॅस हाय!"

मग ते पुन्हा आत गेले. सिलिंडर उघडाच होता.

चारुशीला भिंतीला टेकून दाराकडे बघत राहिली. मोकळ्या हवेत डोकं जरा जाग्यावर येत होतं. व्हॉल्व बंद करायला किती वेळ लागतो? अर्धं मिनिट. अर्धं मिनिट केव्हाच गेलं.

"चंपतराव!"

तिने पुन्हा हाक मारली.

ती भिंत धरून उठली. तिने छातीभर श्वास घेतला, रोखला आणि आत शिरली. ते सिलिंडरपाशी कोसळले होते. तिने व्हॉल्व चाचपला, तो बंद झाला होता. त्यांच्या काखेत हात घालून तिने ओढलं. छाती फुटायला आली तेव्हा जेमतेम उंबरा आला. पुढे परीक्षेच्या पोरांनी दोघांना उचललं.

चंपतराव रात्रभर प्राणवायूवर होते. सकाळी त्यांनी डोळे उघडले.

तिसऱ्या दिवशी विभागप्रमुखांच्या खोलीत घटाटे सर म्हणाले, "नळीचा सांधा कच्चा निघाला. काचकाम चंपतरावांचं आहे." प्रमुख लिहू लागले. चंपतरावांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

"काचेचा सांधा चांगला आहे, सर," चारुशीला म्हणाली. "चकतीपाशी फट राहिली. चकती मी चिकटवली. वाळू दिली नाही, तपासलीही नाही. त्यांनी दोन्ही सांगितलं होतं."

"शिष्यवृत्ती जाईल तुझी," सर हळूच म्हणाले.

"हो, सर."

शिष्यवृत्ती सहा महिने थांबली. गुंगीत घेतलेले आकडे तिने स्वतःच खोडले, हाती एकही उरला नाही.

ती चंपतरावांच्या घरी गेली, तेव्हा ते बाजेवर पडून होते. तिने माफी मागितली. त्यांनी तोंड फिरवलं.

"काहून नाही ऐकलं?" ते म्हणाले. "पोरं होती न बाजूले."

पार्वतीबाईंनी, त्यांच्या बायकोने, दोघांपुढे चहा ठेवला.

दिवाळीनंतर रसायन विभागाचं उपकरण पुन्हा मिळालं आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चारी बाजू उघड्या ठेवून, प्रयोग पुन्हा लागला. साबणाचं पाणी चंपतरावांनी स्वतः लावलं. एकही बुडबुडा आला नाही, तरी त्यांनी दुसऱ्यांदा लावलं. मग मान हलवली आणि तिने सिलिंडर उघडला.