अक्का आहेत तोवर

१९३८च्या कार्तिकात बद्रीनाथ चौतीस वर्षांचा होता आणि त्याचं लग्न झालेलं नव्हतं. जालन्याच्या अदालतीत तो उर्दू कागदांचा मराठी तर्जुमा करी. स्टेशनाकडच्या खोल्या अदालतीपासून फार लांब पडत. जुन्या जालन्यात अदालत जवळ होती, पण एकट्या पुरुषाला घरात घ्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी त्याने धावडा गावाहून थोरली, विधवा बहीण द्वारकाबाई हिला आठ दिवसांसाठी आणलं. तिला पाहताच घरमालक नरहरपंतांनी खोली दिली.

नवव्या दिवशी सकाळी तिने गाठोडं बांधलं. गावाकडे तिच्या शेतात कपाशी फुटली होती.

"अक्का, कुठं निघालात?" ओसरीवरून नरहरपंतांनी विचारलं.

"जांबला, दर्शनाला," बद्रीनाथच घाईने म्हणाला. "परवा येईल परत."

"बरं. तोवर तुम्ही देवळात झोपा. खोलीला मी कुलूप लावतो. घरात लेकीबाळी आहेत."

द्वारकाबाईने भावाला आत ओढलं. "परवा म्या आले न्हाई तर?"

"मंग खोली जाईल. सगळ्या गल्ल्या फिरून आल्तो अक्का, दुसरीकडं कुठंच जागा न्हाई."

"अन् माझी कपाशी कोण वेचील? बहीण म्हणून आणलं का रे मला, का खोलीची किल्ली म्हणून?"

मग तिनेच गाठोड्याची गाठ सोडली.

"दर्शन राहिलं का अक्का?" बाहेरून नरहरपंतांनी विचारलं.

"राह्यलं," ती म्हणाली, आणि लुगडं पुन्हा दांडीवर टाकलं.