राजासमोरची शाल

रवींद्रने शालीची घडी मोडली, दोन्ही टोकं झटकली आणि ती तोलेसाच्या खांद्यांवर नीट बसवली. मग नारळ हातात दिला. हॅमिल्टनच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. इथे फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा, पंखे घुमत होते, पुरुषांच्या फेट्यांखालून घाम निथळत होता. अशात लोकरीची शाल पांघरायची म्हणजे शिक्षाच. पण तोलेसा मोठ्या मायेने ती गळ्यापाशी धरून उभा राहिला.

"इकडे बघा, इकडे!" मराठी मंडळाचा सचिव क्षितिज फोन उंचावून म्हणाला. "मी व्हिडिओच घेतोय."

मागे सिंहासन होतं. प्लायवूडचं, सोनेरी कागद डकवलेलं, एका बाजूला किंचित कललेलं. त्यावर रवींद्रची नऊ वर्षांची मुलगी ओवी महाराज होऊन बसली होती. दाढी-मिशा काजळाच्या होत्या आणि जिरेटोप दर दोन मिनिटांनी भुवयांवर उतरत होता. मुलीला महाराज करावं की नाही यावर मंडळात थोडी कुरकुर झाली होती. पण इथे जन्मलेल्या मुलांपैकी कुणालाच चार मराठी वाक्यं सलग म्हणता येईनात. ओवीलाही बोलायची सवय इंग्रजीचीच. मात्र तिच्या आईने, मृणालिनीने, महिनाभर हात धुऊन मागे लागून तिच्याकडून सगळं घोटून घेतलं होतं. त्यामुळे गादी ओवीलाच मिळाली.

शिवजयंतीला या वर्षी पाहुणा आणायचा तो वेगळा, ही कल्पना रवींद्रची. तो मंडळाचा अध्यक्ष होता, आणि नवी कल्पना सुचली की ती कुणाला कशी वाटेल याचा विचार तो सहसा नंतर करत असे. तोलेसा इथिओपियाचा. शहराच्या ‘ते रापा’ नावाच्या भागातल्या दूध पावडरीच्या कारखान्यात तो प्रयोगशाळेचा प्रमुख आणि रवींद्र प्रक्रिया विभागात इंजिनियर. चार वर्षं दोघं एकाच टेबलावर जेवत होते. रवींद्रचे वडील पुण्यात वारले तेव्हा विमानाचं तिकीट मिळेपर्यंत अख्खा दिवस तोलेसा त्याच्या शेजारी बसून होता, फार काही न बोलता. तसा मित्र रवींद्रला या देशात दुसरा नव्हता.

जेवणाच्या टेबलावर मात्र बोलायचं ते रवींद्रनेच. तोलेसाच्या देशात कुठे गोळीबार झाल्याची बातमी आली की रवींद्र डबा उघडता उघडता उपाय सांगे. तुमच्याकडे ऐंशी जमाती, ऐंशी भाषा. निवडून आलेला माणूस कुठल्या तरी एकाच जमातीचा असणार. मग बाकीच्यांनी त्याला आपला का म्हणावं? तेव्हा राजा आणा. सत्ता द्यायची नाही, नुसता मान द्यायचा. इथे नाही का, नाण्यावर राजा असतो आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. मागच्या वर्षी नागरिकत्व घेताना आपण सगळ्यांनी त्याच्याच नावाने शपथ घेतली, मी हिंदू, तो फिलिपिनो कॅथलिक, ती सोमाली बाई. दुखलं का कुणाचं काही? आणि इथून वीस मिनिटांवर इथल्या मूळच्या माओरींची राणी आहे. तिच्याही हातात सत्ता नाही, पण लोक कसे मानतात बघ.

"त्यांनी आपला राजा आपण निवडला," तोलेसा एकदा म्हणाला होता. "आमच्या भागावर राजा चालून आला."

"तेच ते," असं म्हणून रवींद्रने घोडं पुढे दामटलं होतं. तोलेसा हसला होता. त्या हसण्याला रवींद्रने होकार मानलं. शिवाय त्याच्याकडे पुरावा होता. एकदा तोलेसाच्या घरी जेवायला गेला असताना त्याने दिवाणखान्यात जुन्या सम्राटाचा मोठा फोटो पाहिला होता, मखमली चौकटीतला. राजा ज्याच्या भिंतीवर आहे, त्याच्या मनातही असणार, यात शंका ती कसली?

"मंडळी," रवींद्र आता माइकवर म्हणाला, "आपले पाहुणे आधी महाराजांना मुजरा करतील. आणि मग 'राजा देश जोडू शकतो का' या विषयावर पाच मिनिटं बोलतील." तेच त्याने इंग्रजीतही सांगितलं.

तोलेसा सिंहासनासमोर गेला. रवींद्रने त्याला मुजरा शिकवला होता, तीन वेळा कमरेतून वाकायचं आणि हात जमिनीपासून कपाळापर्यंत न्यायचा. तोलेसाने तसं काही केलं नाही. त्याने नारळ सिंहासनाच्या पायरीवर ठेवला. खांद्यांवरची शाल सावकाश खाली घेतली, कमरेभोवती गुंडाळली आणि पुढे घट्ट गाठ मारली. मग मान खाली घालून, हात जोडून तो उभा राहिला आणि हळू आवाजात ओवीला काहीतरी म्हणाला. ओवीने टोप सावरला, पाठ ताठ केली आणि तोंड उघडलं.

हातात माइक असला की रवींद्रच्या जिभेला हाड राहत नसे.

"अहो, पाहुण्यांना वाटलं आपण लुंगीच दिली!"

हॉलमध्ये हशा पिकला. पाहुणा वगळला जायला नको म्हणून रवींद्रने विनोद इंग्रजीतही करून दाखवला आणि पुन्हा हशा पिकला. मागच्या रांगेतून शिट्टी आली. क्षितिजचा फोन हसण्याने हलत होता. सिंहासनावर महाराजही हसत सुटले आणि हसता हसता त्यांनी गालावर हात फिरवल्यामुळे अर्धी मिशी कानापर्यंत गेली.

तोलेसाने वळून रवींद्रकडे पाहिलं. क्षणभरच. मग तोही हसला. माइकपाशी येऊन त्याने सगळ्यांचे आभार मानले, तुमच्या राजाच्या वाढदिवसाला बोलावलंत, स्वयंपाकाच्या वासावरूनच कळतंय की राजा मोठा असला पाहिजे, असं म्हणाला आणि खाली जाऊन पत्नीशेजारी बसला. लोकांना तो फार आवडला. पुढे पोवाडा झाला, मसालेभात आणि जिलबीची पंगत झाली. तोलेसा रांगेत ताट घेऊन उभा राहिला, दोनदा जिलबी घेतली, पण शाल कमरेलाच होती. गंमत बरी लक्षात ठेवली पठ्ठ्याने, असं रवींद्रला वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर सिंहासन मोडून त्याच्या फळ्या गाडीत भरायचं काम अध्यक्षांकडेच आलं. एक बाजू तोलेसाने धरली. त्याची पत्नी अल्माझ त्यांच्या गाडीत बसून वाट पाहत होती. मृणालिनी आणि ओवी हॉलमध्ये उरलेली जिलबी डब्यांत भरत होत्या.

"पाच मिनिटं दिली होती तुला," रवींद्र फळी आत सरकवत म्हणाला. "मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. एक मिनिटही बोलला नाहीस."

"सुरुवात केली होती."

"कधी?"

तोलेसाने शालीच्या गाठीवर बोट ठेवलं.

रवींद्र हसायच्या बेतात होता. पण समोरचा हसत नव्हता.

"माझे आजोबा कूळ होते," तोलेसा म्हणाला. "राजा दूर राजधानीत. आमच्या गावात राजा म्हणजे त्याने जमीन दिलेला सरदार. त्याच्यासमोर शाल खांद्यावर ठेवून उभं राहायचं नाही. खाली घ्यायची, कमरेला बांधायची. आमचा भाग डोंगराळ, सकाळी हात गारठतात. तरी तसंच थांबायचं. तो म्हणेल, घे वर, तेव्हाच वर घ्यायची."

"आणि नाही म्हणाला तर?"

"आजोबांना कधी म्हणाला असेल तर त्यांनी आम्हाला सांगितलं नाही."

पार्किंगमध्ये कुणाची तरी मुलं जँडल्स, म्हणजे रबरी चपला, हातात घेऊन तापलेल्या डांबरावरून उड्या मारत गवताकडे पळाली. रवींद्र त्यांच्याकडे बघत राहिला, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते त्याला सुचेना.

"पण तुझ्या घरातला तो फोटो?"

"अल्माझच्या आईचा. ती राहायला आली की भिंतीवर, गेली की कपाटात. त्यांच्याकडे राजा म्हणजे बाप. त्याची गादी गेली तेव्हा त्या घरात चूल पेटली नव्हती. आमच्याकडे त्या दिवशी शेजारी नाचले." त्याने पुढची फळी उचलली. "एका घरात आम्ही दोघं आहोत, रवी. फोटो कधी बाहेर काढायचा एवढं ठरवायलाच आम्हाला सहा वर्षं लागली."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू बोलत होतास," तोलेसा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. चार वर्षं जे चाललं होतं तेच त्याने सांगितलं होतं, आणि म्हणूनच ते रवींद्रला जास्त लागलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय हे त्याला त्या पार्किंगमध्ये कळलं. दोन भाषांत केलेला विनोद त्याला पुन्हा ऐकू आला, शिट्टीसकट.

"मला माफ कर," तो म्हणाला. "म्हणजे तुझं उत्तर 'नाही' असंच आहे. राजा नको."

तोलेसाने शेवटची फळी आत ढकलली आणि हात झटकले.

"उत्तर वेगळं होतं. जाऊ दे. ते आता रंगायचं नाही." आणि मग, जेवणाच्या टेबलावर म्हणायचा तसंच, "सोमवारी भेटू."

तो गाडीत बसला. अल्माझने हात हलवला. गाडी वळली तेव्हा काचेतून रवींद्रला दिसलं, सीटबेल्टखाली शालीची गाठ अजून तशीच होती.

गाडीत बसण्याआधीच रवींद्रने मृणालिनीला चार वाक्यांत सगळं सांगितलं होतं. डॅशबोर्डवरचा फोन सारखा वाजत होता. क्षितिजने मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता, वर लिहिलं होतं, पाहुण्यांची लुंगी. हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग वाढत चालली होती. तो काढून टाक असं क्षितिजला सांगायचं तर का ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं तर सुरुवात स्वतःपासून करावी लागणार. रवींद्रने फोन उपडा ठेवला.

"बाबा, आर यू मॅड ॲट मी?" मागच्या सीटवरून ओवीने विचारलं. मिशी पुसली गेली होती, दाढी मात्र तशीच होती.

"तुझ्यावर कशाला?"

"आय डिडन्ट से माय लाइन."

"सगळ्या तर म्हटल्यास. छान म्हटल्यास."

"नॉट दोज. तोलेसा अंकलवाली."

रवींद्रने आरशात पाहिलं. ओवी टोप मांडीवर घेऊन त्याच्या मोत्यांशी चाळा करत होती.

"कसली लाइन?"

मृणालिनीने खिडकीकडे तोंड केलं. "आत, कपडे बदलायच्या खोलीत तो तिला शिकवत होता," ती म्हणाली. "मला विचारलं, हे मराठीत कसं म्हणतात. मी सांगितलं. रवीला बोलू नको, सरप्राइज आहे, असं म्हणाला. मला वाटलं, मुलांची काहीतरी गंमत असेल. ती शाल, ते आजोबा, यातलं मला काही ठाऊक नव्हतं रे."

"ही वॉज गोइंग टू आस्क मी," ओवी समजावून सांगू लागली, "आणि मी म्हणणार. मग तो शाल परत वर घेणार आणि सगळ्यांना सांगणार की असा किंग असेल तर तो त्यालापण चालेल. दॅट वॉज हिज होल स्पीच. त्याने विचारलं, आय हर्ड हिम. पण तू जोक केलास ना, एव्हरीवन वॉज लाफिंग, सो आय लाफ्ड." तिने थोडा विचार केला. "तो खूप वेळ वाट बघत होता, बाबा. हीप्स."

रवींद्रने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. घर आणखी दोन वळणांवर होतं. त्याने मुलीला काही विचारलं नाही. पण गाडी थांबली ती आपल्यासाठीच, असं ओवीला वाटलं असावं. तिने टोप डोक्यावर चढवला, पट्ट्यात अडकलेली पाठ जमेल तेवढी ताठ केली आणि महिनाभर घोटलेल्या त्या खणखणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करत, म्हणाली,

"शाल खांद्यावर घ्या. आमच्यासमोर कुणी खाली घ्यायची नाही."

मृणालिनीने डोळ्यांना पदर लावला. रवींद्रचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. त्याने नुसती मान हलवली. ती मागे दिसण्याइतकी हलली नसावी. कारण ओवीने टोप मागे सरकवून विचारलं,

"बाबा, बरोबर म्हटलं ना?"