नूरीनच्या नावाचं पाणी

शनिवारी दुपारी नूरीन साताऱ्याहून कुंडलला घरी आली, तेव्हा शेजारच्या पारूकाकू ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. उजव्या पायाच्या करंगळीला चिंधी गुंडाळलेली. उसात काहीतरी लागलं होतं, पंधरा दिवस झाले तरी जखम ओलीच. नूरीनची अम्मी शाळेत शिकवायला जायची तेव्हा हिला याच बाईनं सांभाळलेलं. नूरीननं न विचारताच चिंधी सोडली. बोट काळं पडत चाललं होतं. मधुमेहाच्या गोळ्या घेताय ना, असं तिनं विचारलं.

"गोळ्या कवाच सोडल्या," काकू म्हणाल्या. "आता मशीनचं पानी पिते. त्यातनं इलेक्ट्रॉन मिळत्यात म्हनं. तुजंच नाव हाय की कागदावर, म्हनून तर इस्वास ठेवला."

काकूंनी दिलेलं मशीनच्या जाहिरातीचं पत्रक उलगडलं आणि नूरीनचे कान तापले. आलेख तिचाच होता. डीएनएच्या शिडीला चार प्रकारचे बेस असतात. पाण्यात असताना कुठला बेस किती सहज इलेक्ट्रॉन गमावतो आणि किती सहज घेतो, हे ती साताऱ्याच्या कॉलेजात तीन वर्षं संगणकावर गणितानं काढत होती. एकेका बेसभोवती पाण्याचे रेणू मांडायचे, मग एका आकड्यासाठी दोन-दोन दिवस वाट बघायची. ग्वानिन नावाचा बेस सगळ्यात लवकर इलेक्ट्रॉन सोडतो, एवढंच त्या आलेखात होतं. पत्रकात ग्वानिनचा खांब लाल रंगवून खाली छापलं होतं, 'तुमचा डीएनए भुकेला आहे. सिद्ध केलं, डॉ. नूरीन मुल्ला, सातारा.' तिची पीएच.डी.ही अजून पूर्ण झाली नव्हती.

आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला, असं तिनं परोपरीनं सांगितलं. काकू हलल्या नाहीत. उद्या इस्लामपुरात मशीनवाल्यांची मीटिंग आहे, तिथं येऊन काय ते बोल, म्हणाल्या. रात्रभर नूरीनच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी ती काकूंबरोबर इस्लामपूरला गेली. मंगल कार्यालयात दीडेकशे माणूस होतं. ऋषिराज नावाचा कोटवाला तरुण स्टेजवर होता. त्यानं एका ग्लासात नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात मशीनचं, आणि दोन्हींत विजेच्या सळ्या सोडल्या. बटण दाबल्यावर नळाचं पाणी बघता बघता तांबडं झालं, मशीनचं नितळ राहिलं. हीच घाण रोज तुमच्या पोटात जाते, तो म्हणाला. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या.

नूरीन उठली. पत्रकावरचा आलेख माझा आहे, तो विचारल्याशिवाय छापलाय, आणि पिण्याच्या पाण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, असं तिनं ठणकावून सांगितलं. ऋषिराजच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "टाळ्या होऊ द्या," तो माइकवर म्हणाला. "आपल्या शास्त्रज्ञ ताई स्वतः आल्यात!" आणि टाळ्या झाल्या.

त्या टाळ्या नूरीनला थोबाडीत बसल्यागत लागल्या. ती तडक स्टेजवर गेली. वाटेत नाश्त्याच्या टेबलावरून तिनं मिठाची वाटी उचलली होती. ऋषिराजनं अडवायच्या आत तिनं मशीनच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि बटण दाबलं. तेही पाणी तांबडं झालं.

"ही घाण पाण्यातली न्हाई," ती माइकशिवायच म्हणाली. "सळ्या लोखंडाच्या हायत. वीज सोडली की लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं आणि गंजून पाण्यात उतरतं. यांच्या पाण्यात क्षार न्हाईत, म्हणून वीज वाहत न्हवती. बास. काकूंनी यांचं ऐकून गोळ्या सोडल्या, त्यांचा पाय बघा."

ऋषिराजनं चहाची सुट्टी जाहीर केली. काही माणसं उठून गेली. काही तिच्यावरच उखडली. मशीनं खपवून कमिशन मिळवणाऱ्या एकानं तर, लोकांच्या पोटावर पाय देतेस, असं ऐकवलं. काकूंनी आपल्या बचत गटातल्या दोन बायकांनाही मशीन घ्यायला लावलं होतं. परतीच्या एसटीत त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. पलूस आल्यावर एवढंच म्हणाल्या, "चारचौघांत माजा पाय दाखवायची गरज न्हवती."

काकूंचं खरंच होतं.

तरी सोमवारी काकू तिच्याबरोबर सांगलीच्या दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी करंगळी काढली. आठवडाभर आधी आला असता तर वाचली असती, ते म्हणाले. नूरीननं सरकारी कार्यालयात तक्रार दिली. साहेबानं पत्रक उलटंपालटं केलं आणि तिलाच विचारलं, तुम्ही यांच्याकडून काही घेतलं नव्हतं ना? तिनं दात आवळून पोच मागितली आणि ती हातात पडेपर्यंत खुर्ची सोडली नाही.

महिन्यानं नवं पत्रक निघालं. नाव गाळलेलं, लाल खांब तसाच. ते तिला पारूकाकूंनीच फोटो काढून पाठवलं. खाली आवाजातला निरोप होता. गटातल्या दोघींनी मशीनं परत केली होती, आणि या वेळी तक्रारीवर तिघींच्या सह्या घे, असं काकूंचं म्हणणं होतं. नूरीननं त्याच दुपारी साताऱ्याहून कुंडलची एसटी धरली.