नाकाचे माप

आमच्या चष्म्यांच्या दुकानात सकाळचे ऊन घाईने शिरत नाही. आधी ते समोरच्या भिंतीवर टेकते, मग सावकाश रस्ता ओलांडून काचेपाशी येते आणि तिथेच जरा घुटमळते. आत यावे की नाही हे न ठरलेल्या पाहुण्यासारखे. नंतर उघड्या ट्रेमधल्या भिंगांवर उतरते. फुगीर भिंगे त्याला गोळा करून टेबलावर एकेक पिवळा ठिपका ठेवतात. पातळ भिंगे त्याला नुसतेच जाऊ देतात. ठिपके सरकत सरकत खुर्चीच्या हातावर, तिथून आरशाच्या कडेवर जातात. यात विशेष काही नाही, रोजचेच आहे. तरी त्या सकाळी मी ते फार वेळ पाहत राहिलो, कारण पाहणे संपले की डॉक्टरांकडे निघायचे होते.

डॉक्टरांना उत्तर हवे होते. गेल्या खेपेला त्यांनी शांतपणे सांगितले होते, "यांच्याच स्त्रीबीजांवर पुन्हा प्रयत्न करता येईल, पण आशा फारच थोडी. दुसऱ्या स्त्रीने दान केलेलं बीज घेतलं तर ती बरीच वाढते. गर्भाशय उत्तम आहे. कुठे थांबायचं, ते दोघांनी ठरवा." बायको म्हणाली होती, "दुसरं चालेल." मी म्हणालो होतो, "आणखी एकदा." इंजेक्शने तिला आणि आशा मला, अशी आमच्यात कामाची वाटणी होती.

माझ्या 'आणखी एकदा'च्या मागे एक नाक होते.

बायकोचे. मध्ये किंचित उंचवटा आणि खाली येता येता डावीकडे कललेले. ती पोहायला शिकवते. चष्मा घ्यायला आली तेव्हा एकही फ्रेम त्या नाकावर टिकेना. मी फ्रेमच्या, नाकावर टेकणाऱ्या गाद्या घासून घासून बसवल्या, दर वेळी मुद्दाम थोडे काम शिल्लक ठेवले. ती येत राहिली आणि शेवटी राहिलीच. ते नाक पुढे चालावे, एवढीच माझी इच्छा. ती मी कुणाला बोललो नव्हतो. मी बोलतो कमी, घडवतो जास्त. ड्रॉवरच्या तळाशी, कापसात गुंडाळलेली एक इवलीशी फ्रेम होती, नाकापाशी अगदी तशीच कललेली.

ती नेमकी त्या सकाळी, पेचकस शोधताना, सासूबाईंच्या हाती लागली. त्यांच्या चष्म्याची दांडी ढिली झाली होती आणि माझी वाट पाहतील तर त्या सासूबाई कसल्या!

"जावईबापू, हा कुणाचा हो? मांजराचा?"

"मांजराला चष्मा लागत नाही, आई," ओल्या केसांनी आत येत बायको म्हणाली. "बघू."

तिने फ्रेम बोटावर ठेवली. फ्रेम डावीकडे कलली. बायको तिच्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे.

"हे माझं नाक आहे."

मी ऊन पाहू लागलो.

"अरे बोल की! भिंतीला डोळे तपासून द्यायचेत का?"

"बाळासाठी," मी म्हणालो. "पुढेमागे लागला तर. नाक तुझंच असेल, म्हणून..."

"म्हणजे या नाकापायी मी सुया टोचून घेत बसायचं?"

"घराण्याचं नाक आहे," मी कसेबसे म्हणालो. "सासऱ्यांचं असणार." सासऱ्यांना मी पाहिलेले नव्हते, पण नाकांच्या बाबतीत माझा अंदाज चुकत नाही, असा माझा समज होता.

सासूबाईंना हसू आवरेना. "ह्यांचं? ह्यांचं नाक म्हणजे बटाटा! अहो, ही लहानपणी झोपाळ्यावरून तोंडावर पडली. हाड मोडलं आणि वाकडं जुळलं. जन्मली तेव्हा चारचौघींसारखं सरळ नाक होतं कार्टीचं."

मी बायकोकडे पाहिले.

"मला वाटलं, तुला कळलं असेल," ती म्हणाली. "दिवसभर नाकंच तर बघतोस. आणि इतक्या कौतुकाने बोलायचास, म्हटलं कशाला मोडा. आधीच एकदा मोडलंय."

मला हसू आले आणि अर्ध्या वाटेत थांबले.

"ऐक," ती जवळ बसत म्हणाली. "प्रत्येक वर्गात एक पोरगं असतं. काठावर बसून पाय भिजवतं आणि 'आणखी थोड्या वेळाने' म्हणतं. पाणी थंड नसतं रे. काठ सुटत नसतो त्याचा. मला आई व्हायचंय. माझ्यासारखं कुणी नकोय, एक पुरे आहे."

"एकच झेपली नाही मला," सासूबाई म्हणाल्या आणि स्वतःच स्क्रू पिळू लागल्या.

"मूल तुझ्या बीजाचं नसेल, याचं तुला वाईट नाही वाटलं?" मी विचारले.

"वाटलं ना. गेल्या वेळी परत येताना, गाडीत. तू आरसा नीट करत होतास, तेवढ्यात रडून घेतलं."

तो आरसा मी बराच वेळ नीट करत होतो, हे मला आठवले. मी इवली फ्रेम उचलली आणि ती सरळ करावी म्हणून गरम हवेचे यंत्र लावले. तिने बटण बंद केले.

"राहू दे. येईल त्याचं नाक बघून वाकव. आधी डॉक्टरांना काय सांगायचं ते ठरव. आणि आज मी बोलणार नाही, तू बोलायचंस."

ऊन आरशाच्या कडेवर पोचले होते. पाहण्यासारखे आता काही उरले नव्हते.

"तुझ्या बीजांपासून आपल्याला मूल होणार नाही," मी म्हणालो. "दुसरं चालेल, असं सांगतो डॉक्टरांना."