छान म्हणायचं नाही

शकुनबाईंनी कागद दोन्ही हातांनी उंच धरला आणि प्रतिक्षाने ओठ आत दाबून घेतले.

"कसं झालं, मॅडम?"

कागदावर बैलजोडी होती. एका बैलाला पाच पाय झाले होते, पण चाल अशी की बघणाऱ्याने वाटेतून बाजूला व्हावं. प्रतिक्षाच्या जिभेवर शब्द येऊन बसला होता. तिने तो आवंढ्याबरोबर गिळला.

"याबद्दल सांगाल काही?"

"बैलाबद्दल काय सांगू? बैल हायेत."

बायका हसल्या. भिंतीला टेकून बसलेल्या रिता मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांच्याही मांडीवर कागद होता, कारण या खोलीत नुसतं बघत बसायला परवानगी कोणालाच नव्हती. पण त्या आल्या होत्या बघायलाच.

चित्रांतून मनाला वाट कशी करून द्यायची, हे शिकायला प्रतिक्षा वर्षभर नागपूरला जात होती. सरावासाठी तिला मोहाडीचा हा गट मिळाला होता. घरातलं माणूस गमावलेल्या बायका, बचत गटाची खोली, रंगांची एक पेटी. नियम बरेच होते, त्यातला पहिला असा की चित्राला छान म्हणायचं नाही. एकदा छान म्हटलं की बाई पुढचं चित्र स्वतःसाठी काढत नाही, तुमच्यासाठी काढते, असं रिता मॅडम शिकवत. पटण्यासारखंच होतं. पण प्रतिक्षाची सगळी नोकरी सिहोऱ्याच्या अंगणवाडीत 'छान छान' म्हणण्यात गेलेली. जित्याची खोड ती. मागच्या दोन्ही निरीक्षणांत, नागपूरच्या वर्गात, शब्द निसटला होता. आज तिसऱ्यांदा निसटला असता तर प्रमाणपत्र विसरायचं, असं मॅडमनी सरळ सांगितलं होतं. अंगणवाडीचा राजीनामा तर ती देऊन बसली होती.

"इतक्या दिवसांत एकदा तं चांगलं म्हटलं असतं तुमी," शकुनबाई म्हणाल्या. "आमी काय इतकं खराब काढून राहिलो?"

प्रतिक्षाने उत्तराची जुळवाजुळव सुरू केली. तेवढ्यात पार्वताबाई बोलल्या, आणि सगळ्यांनी माना वळवल्या, कारण पार्वताबाई बोलत नसत. त्या काढतही नसत काही. येत, कागदाची दुमडलेली टोकं नखाने सरळ करत, आणि कोरा कागद परत देऊन घरी जात. आज मात्र कागद त्यांनी गुडघ्याआड धरला होता.

"काहून कावते वं शकुन? उभ्या धानाले कोणी चांगलं म्हणते का? नजर लागते. म्हणून नाही म्हणत ते पोरगी."

"असं हाये का, मॅडम?"

तसं नव्हतं. पण प्रतिक्षा गप्प राहिली. गप्प राहायलाही शिकवलं होतं, ते असं कामी आलं. लोंब्या भरून आल्या की तिचे वडीलसुद्धा बांधावर उभं राहून "आहे बापा काहीतरी" एवढंच म्हणायचे. ते बोलणं आणि पुस्तकातला नियम शेजारी ठेवून बघायचं तिला कधी सुचलं नव्हतं.

पार्वताबाईंनी कागद गुडघ्याआडून काढून सतरंजीवर सरकवला. एक मुलगी होती. दोन वेण्या, एक लांब, एक आखूड. नाक काढायचं राहिलं होतं.

"माही डिंपल."

नाव सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या तोंडून मात्र ते या खोलीत पहिल्यांदा आलं.

"लहान होती तवा काजळाचा टिका लावल्याशिवाय बाहेर काढत नव्हती मी तिले. कोणी गोरी म्हणे, कोणी हुशार म्हणे, मले भेव वाटे. मंग मोठी झाली. म्हणे, आई, पोरी हासतात मले. पुसून टाके." त्यांनी कागदाचं टोक नखाने सरळ केलं. "मंग ताप आला."

बाहेर बाजारात एक जण भोंग्यावरून कांदे विकत होता. प्रतिक्षाला रडू येत होतं, आणि काही विचारावंसं अजिबात वाटत नव्हतं.

पार्वताबाईंनी पेटीतली कोळशाची कांडी उचलली, तिच्यावर बोट घासलं आणि कागदावरच्या मुलीच्या गालावर टेकवलं. काळीभोर तीट उमटली.

"लावला टिका. आता म्हणा."

"काय म्हणू, मावशी?"

"रोज गिळून राहिले ना तुमी, ते."

मॅडम कुठे बसल्या आहेत हे प्रतिक्षाला माहीत होतं. तिने तिकडे पाहिलं नाही.

"छान हाये तुमची डिंपल, मावशी," ती म्हणाली, आणि आपण घरच्या बोलीत गेलो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. "बहुतच छान हाये."

"होतीच तशी," पार्वताबाई म्हणाल्या. त्यांनी बोट पदराला पुसलं.

मग शकुनबाईंनी कांडी ओढून घेतली आणि बैलाच्या नेमक्या पाचव्या पायाला तीट लावली. कांडी खोलीभर फिरली. हसणं झालं, थोडं रडणं झालं, आणि बायका काळी बोटं घेऊन बाजाराच्या दिशेने गेल्या.

रिता मॅडम उठल्या.

"शब्द निसटला."

"निसटला नाही, मॅडम. म्हटला मी."

"मला तसं कळवावं लागेल."

"कळवा."

आवाज ठीक निघाला, पण रंगपेटीचं झाकण काही केल्या बसेना. घरी काय सांगायचं, याचा विचार आत सुरू झाला होता. तिने पेटी तशीच उघडी ठेवली आणि सतरंजीवरचे कागद गोळा करायला घेतले. शेवटचा कागद भिंतीजवळ होता, मॅडम बसल्या होत्या तिथे.

त्यावर खुर्चीत बसलेला एक म्हातारा होता, पाठमोरा. रेघा सराईत होत्या. फक्त त्याच्या कानामागे, बोटाने लावलेला एक काळा ठिपका होता.

प्रतिक्षाने वर पाहिलं. मॅडम दारात उभ्या होत्या. खांद्यावर पिशवी, एक पाय चपलेत. त्यांनी काही विचारलं नाही, पण नजर प्रतिक्षाच्या तोंडावर होती, मघाशी शकुनबाईंची होती तशी.

तो शब्द पुन्हा जिभेवर आला. या वेळी तो गिळायला प्रतिक्षाला काहीच कष्ट पडले नाहीत. तिने कागद दोन्ही हातांनी सतरंजीवर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसली.

"याबद्दल सांगाल काही, मॅडम?"

रिता मॅडमनी एकदा बाहेर रस्त्याकडे पाहिलं. नागपूरची गाडी यायची वेळ झाली होती. मग त्यांनी चपलेतला पाय बाहेर काढला, पिशवी दाराशी ठेवली आणि सतरंजीवर येऊन बसल्या.