जोलीन गाडीत बसली आहे

आमच्या गावात कुणी कुणावर अविश्वास दाखवत नाही. निदान तोंडावर तरी नाही. साउथ डकोटातल्या या अडीचशे उंबऱ्यांच्या गावात तुम्ही एखाद्याकडे ओळखपत्र मागितलंत, तर तो पुढचा महिनाभर चर्चमध्ये तुमच्या शेजारी बसणार नाही. या भलेपणाचा आम्हाला केवढा अभिमान! त्याच भलेपणापायी एका बाईचं घर कसं जाणार होतं, ते सांगतो.

मार्लिस ट्वेट इथल्या विमा कचेरीत काम करते. तेव्हा ती गावची नोटरीही होती, म्हणजे सही आपल्यासमोर झाली याची शिक्क्याने ग्वाही देणारी. नोव्हेंबरातल्या एका सकाळी ड्वाइट सोलबर्ग कागद घेऊन आला. दोघं शाळेत एकाच वर्गात होती.

"मार्लिस, एक शिक्का मार बघू. घर आणि भोवतालची जमीन ट्रस्टमध्ये टाकतोय. थोरला भाऊ विश्वस्त. आमच्या मागे पोरांना कोर्टाचे हेलपाटे नकोत."

"जोलीन कुठाय? राहत्या घराच्या कागदावर नवरा-बायको दोघांची सही लागते. तीही माझ्यासमोर."

"अगं, सही केलीय तिने. बाहेर गाडीत बसलीय. गोठ्यातून तशीच आली, बुटांना शेण आहे. तुझा गालिचा खराब होईल म्हणून लाजते."

मार्लिसला हसू आलं. जोलीनची सही ती दरवर्षी नाताळच्या कार्डावर बघत होती. खिडकी तीन पावलांवर होती, पडदा ओढलेला. उठायचा कंटाळा नव्हता, पण तिला संकोच वाटला. पडदा सारून पाहणं म्हणजे ड्वाइटला खोटं पाडणं! तिने शिक्का उमटवला. ड्वाइट वाकून शाईवर फुंकर घालत राहिला, शाई सुकली तरी घालत राहिला.

जानेवारीत जोलीन स्वतः कचेरीत आली. हातात घरपट्टीचं पत्र.

"हे बघ गं. घर आमचं, आणि पत्र कुणा ट्रस्टच्या नावाने! ड्वाइट म्हणतो छपाईची चूक. विम्यात तरी नाव बरोबर आहे ना?"

मार्लिसने पत्र वाचलं. मग हळूच विचारलं, "तू नोव्हेंबरात इथे आली होतीस ना? ड्वाइटबरोबर, गाडीत?"

"मी? आख्खा नोव्हेंबर मी रॅपिड सिटीला होते. आईला दवाखान्यात ठेवलं होतं. का गं?"

म्हणजे गाडी रिकामी होती! आणि सही? तोंड उघडायची हीच वेळ होती, पण तिने मान खाली घातली. "छपाईचीच चूक असेल," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात शेरीफचा माणूस जोलीनच्या दारात ड्वाइटने मागितलेल्या घटस्फोटाचे कागद देऊन गेला. दुसऱ्या दिवशी ड्वाइट मार्लिसपुढे उभा. या खेपेला कोर्टासाठी प्रतिज्ञापत्र घेऊन.

"एकच ओळ आहे. 'जोलीनने माझ्यासमोर सही केली.' शिक्क्याखाली तू तेच लिहिलंयस की. आता वेगळं बोललीस, तर मी एकटा बुडणार नाही." तो गोड हसला. जाताना दारातून म्हणाला, "रस्ते निसरडे झालेत, मार्लिस. गाडी जपून चालव."

आमच्याकडे हिवाळ्यात सगळेच असं म्हणतात. त्या दिवशी मात्र मार्लिसला त्यात धमकी ऐकू आली.

दुपारी आयोनबाई आल्या. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत त्यांनी उभा जन्म जमिनींच्या नोंदी ठेवल्या होत्या. मार्लिसने त्यांच्यापुढे सगळं ओकून टाकलं.

"मी काही चोरी नाही केली, आयोनबाई. नुसता शिक्का तर मारला!"

"नुसता? अगं, शिक्का दिसला की आम्ही पुढचं पान उलटायचो. न्यायाधीशही तेच करतील. घटस्फोटात दोघांचं जे असेल, त्याची ते न्यायाने वाटणी करतात. पण घर आता ट्रस्टचं, कागदोपत्री दोघांचं नाहीच! मग वाटणीत येणार कुठून?"

"म्हणजे ट्रस्टच वाईट?"

"ट्रस्टला कशाला बोल लावतेस? माझ्या अपंग भाच्यासाठी मीच केलाय एक. कुणाला सांभाळायला केला तर चांगला, बायकोपासून लपवायला केला तर चोरी."

"खरं बोलले तर माझं नोटरीपण जाईल. गाव काय म्हणेल?"

"म्हणू दे गावाला! तू शिक्का नाही मारलास, साक्ष दिलीस. खोटी साक्ष! आता दुसरी देणार आहेस?"

मार्लिस उठली, कोट चढवला आणि थेट जोलीनकडे गेली. घराभोवती वारा अडवायला देवदारांची रांग आहे. दुष्काळाच्या वर्षी जोलीनने ती झाडं दुधाच्या कॅनने पाणी घालून जगवली होती. दारातच मार्लिसने सगळं सांगितलं, स्वतःला जराही न वाचवता.

जोलीन ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आणि मी तुला नाताळचं कार्ड पाठवलं, मार्लिस." मग तिने दार लावून घेतलं.

कोर्टात मार्लिस खरं बोलली. तो कागद रद्द झाला, घर पुन्हा वाटणीत आलं आणि न्यायाधीशांनी ते जोलीनला दिलं. ड्वाइटवर खोट्या सहीचा खटला उभा राहिला. मार्लिसचा शिक्का गेला. जोलीनचं कार्ड पुन्हा कधी आलं नाही.

मित्रहो, ओळखीचा माणूस आहे म्हणून डोळे मिटून घेणं हा भलेपणा नव्हे! कायदा माणसाला समोर उभं करायला सांगतो, तो कुणाचा अपमान करायला नाही. जो समोर नाही, त्याचं घर वाचावं म्हणून सांगतो.

आता त्या कचेरीत नवी नोटरी आहे, वयाने लहान. परवा एक शेतकरी कागद घेऊन आला आणि म्हणाला, "बायको बाहेर गाडीत आहे." पोरीने शिक्का उचलला. कोपऱ्यातल्या टेबलावरून मार्लिस उठली, तीन पावलं चालली आणि तिने पडदा सारला. बाई खरंच गाडीत होती. मार्लिसने हात करून तिला आत बोलावलं. ती चिखलाच्या बुटांनी आत आली, गालिचा पार खराब झाला, आणि कुणाचंही काही बिघडलं नाही.